मोहिनीच्या नावाची मूठ

कानबाईच्या रोटाला आमच्याकडे माणसं मोजतात. माणसं म्हणजे पुरुष. श्रावणात कानबाई, ही आमची खानदेशी देवी, घरात बसायच्या दोन दिवस आधी भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. म्हातारा असो, कालचं पोर असो, पुण्याला कंपनीत असो, नाव घ्यायचं, मूठ टाकायची. तेवढीच हरभऱ्याची डाळ. त्याचे पुरणाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या. ते फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला घास द्यायचा नाही, टाकायचं काही नाही आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. आता गहू निवडतं कोण? बाया. पुरण वाटतं कोण, धुरात डोळे फोडून भाजतं कोण? बाया. आणि मूठ पुरुषांची. मला हे समजवायला कोणी येऊ नका. पन्नाशीला आलो, पुष्कळांनी समजावून झालं.

आमच्या घरात ही रीत एकदा मोडली. मोडली माझ्या मायनं. भिकुबाई तिचं नाव. शिंदखेडा तालुक्यात बुराईच्या काठी आमचं गाव आहे. माय शाळेची पायरी चढलेली नाही. मी नववीत असताना आमचा बाप, पुना त्याचं नाव, साप चावून गेला. भाऊबंद म्हणाले, जमीन बटाईनं दे, बाईनं काय शेती करावी. पेरणीच्या दिवशी मायनं स्वतः पाभर धरली. बाईनं पाभर धरली की पीक येत नाही, असं गावात बोलत होते. पीक आलं. सगळ्या शिवारात आलं तसंच आलं, जास्त नाही, कमी नाही. माय एवढंच म्हणाली, "पाभरले काय समजस, लुगडं शे का धोतर शे?"

तर कानबाईचं. बावीस वर्षं झाली त्याला. मोहिनी अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला एरंडोलकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि अक्काला म्हणाला, राहायचं तर राहा, गोठ्याला लागून खोली आहे. अक्का पिशवीत दोन साड्या घालून एसटीनं घरी आली. मायनं तिला काही विचारलं नाही. भाकर वाढली आणि दुसऱ्या दिवशी निंदायला सोबत नेलं. गाव म्हणालं, चार दिवस राहील आणि जाईल. जायला काय होतं तिकडे? पण गावाला पंचाईतीशी मतलब.

महिन्याभरानं कानबाई आली. देवी म्हणून पुजायचं कानबाईचं नारळ आमच्याकडे असतं, म्हणून सगळी भाऊबंदकी आमच्याच ओसरीवर बसते. माय मोजत होती. आजी गेल्यापासून तीच मोजायची. आधी आधार आबाचं नाव, तो माझा चुलता. मग त्याची पोरं, नातू, बाकीचे चुलते, त्यांची पोरं. शेवटी आमच्या घरचे. "सुकदेव," म्हणाली, तो माझा मोठा भाऊ. "योगेंद्र," तो भाऊचा पोरगा, तेव्हा दोन वर्षांचा. "नवल," तो मी. आणि श्वासही न घेता, "मोहिनी."

ओसरीवर तंबाखू मळणारे हात थांबले.

आधार आबा म्हणाला, "वहिनी, चुकीसन तोंडमा उनं का?"

"चुकीसन नही. मोहिनी." आणि वरची पाव मूठ टाकली.

"बाईनी मूठ नही ऱ्हास."

"का बरं? पोट नही शे का तिले?"

"तिना रोट तिना सासरले."

"सासरले तिले गोठा देल शे. गोठामा रोट भाजतस का, आधार भाऊ?"

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आबा उठला. तो उठला म्हणून बाकीचे उठले. बघता बघता सगळी भाऊबंदकी चपला घालून चालती झाली. आमची भाऊबंदकी मोठी आहे, हिंमत तेवढी मोठी नाही. त्यातल्या निम्म्यांना तर आपण का उठलो हेच माहीत नव्हतं.

ओसरीवर आम्ही घरचे उरलो. भाऊचं तोंड काळं पडलं होतं. तो मायला म्हणाला, "आते त्यासना गहू काढी टाक सुपमाईन. उठी ग्यात ना."

"उठी ग्यात म्हणीसन काढू?" मायनं सूप मांडीवर ओढलं. "रुसनात त्या. मरनात नही."

एक दाणा तिनं काढला नाही. आणि आता ऐका गंमत. रोट बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. मोजलेले बेचाळीस. खाणारे आम्ही पाच आणि एक दोन वर्षांचं पोर. सकाळी रोट, दुपारी रोट, संध्याकाळी आमटीत कुस्करून रोट. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "माय, आज भाकर कर ना व." ती म्हणाली, "हाई वनाना रोट शे, चुलत भाऊ शे तुना, खा. त्यानी मूठ वाया नही जावाले पाहिजे." पाचव्या दिवशी ताटात आधार आबाचा रोट आला. मी चिडून म्हणालो, आबाला शिव्या देत खातो. माय म्हणाली, "दे शिव्या. पण खा."

असं तीन वर्षं चाललं. तिन्ही वर्षी माय मोजायला बसली, ओसरी रिकामी, आणि ही बाई रिकाम्या ओसरीला एकेक नाव ऐकवत मूठ टाकायची. मधल्या काळात आबाकडे नातू झाला तर त्याचीही टाकली. तिसऱ्या वर्षी पुरणाचा वास आला की मला मळमळायचं.

एकदा चूल सारवताना अक्काच मायला म्हणाली, "माय, मना एक मूठना पायरे एवढा तमाशा. राहू दे." आम्ही तिघं भावंडं तिथंच होतो. मायचे हात शेणामातीत होते. ते तसेच ठेवून ती बोलली. ते मी तेव्हा ऐकलं, समजायला पुढं लई वर्षं लागली.

"मूठ काय बक्षीस शे का? चांगला वागना तर दी, वाकडा वागना तर काढी ली? घरना शे तर मूठ शे. आधार वाकडा शे, तरी मूठ शे. तू काही नही करं, तरी तुनी शे. आज मी त्यानी काढी, तर सकाय तुनी काढतीन लोके, आनी मन्हाकडे बोलाले तोंड ऱ्हावाव नही."

चौथ्या वर्षी आधार आबा आला. ओसरीवर चढला नाही, अंगणात उभा राहिला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं.

"वहिनी, तू मनी मूठ टाकस म्हणे अजून?"

"दरसाल."

"आम्हीन नही उनूत तरी?"

"तू नही येस तर तुना रोट आम्हले खाना पडस. हाऊ नवल पाय, कसा फुगी गया शे."

आबा हसला. हसला आणि फसला. वर येऊन बसला. त्या वर्षी मोहिनीचं नाव आलं तेव्हा तो वरच्या कडीपाटाकडे बघत राहिला, पण उठला नाही. तो उठला नाही म्हणून बाकीचेही उठले नाहीत. दरसाल मग तसंच. मोर्चा नाही, भाषण नाही, कोणाच्या हातापाया पडणं नाही. एका बाईनं तीन वर्षं रुसलेल्यांचे गहू मोजले आणि भाऊबंदकी वाकवली. मोठमोठ्या पुढाऱ्यांना मी स्टेजवर समतेचं बोलताना ऐकलंय. त्यांच्यापैकी कोणाच्या पोटात तीन वर्षं शत्रूचं पुरण गेलं असेल, तर त्यानं मला येऊन भेटावं.

पुढं मी जळगावला आलो. चटईच्या कारखान्यात लागलो, दिपमालाशी लग्न झालं, सपना झाली. ती आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अक्का गावीच राहिली, मायसोबत. शेतात राबली, भाऊची पोरं वाढवली.

यंदा वैशाखात मायला लकवा झाला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द अडकायला लागले. धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. अक्का खाटेपासून हलली नाही. भाऊ रोज डबा घेऊन यायचा, मायचे पाय चेपायचा. हेही सांगितलं पाहिजे. मला कितीही राग असला तरी मी ते गाळणार नाही.

कानबाईच्या आधी दहा दिवस भाऊचा फोन आला.

"नवल, मायना हात चालस नही. यंदा गहू बेबा मोजी." बेबाबाई म्हणजे भाऊची बायको, आमची वहिनी.

"मोजू दे की."

"आनी अक्कानी मूठ यंदा राहू दे."

"का राहू दे?"

तो म्हणाला, "योगेंद्रनं लगीन शे दिवाळीना मांगे. दोन खोल्या शेतस घरमा. एकमा माय आनी अक्का. नवी सून काय ओसरीवर निजाडू का? अक्का तुन्हाकडे जळगावले जाई तर सोय व्हई. रोटमा नाव घेतं ऱ्हायनं म्हंजे घरमा ऱ्हानंच पडस. समजी ले ना."

मी समजलो. माय मोजत होती तोवर अक्काचं घर होतं. मायचा हात पडला आणि दोन महिन्यांत अक्का अडगळ झाली. मी फोनवर भाऊला जे बोललो ते इथं लिहीत नाही. लिहायला लाज वाटते म्हणून नाही, जागा पुरणार नाही म्हणून.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी दिपमाला आणि सपनाला घेऊन गावी गेलो. रस्ताभर मनात सगळं ठरवलं होतं. घरात शिरलो तो सरळ मायच्या खाटेपाशी.

"माय, यंदा मोजनं मना हातमा दे. अक्कानं नाव मी सगळासना आगोदर घेसू. आनी भाऊनं घेवावच नही. समजू दे त्याले, मूठ काढी लेतस तव्हय कसं वाटस. ऐकं नही तर जळगावले मी येगळी कानबाई बसाडसू, अक्काले लई जासू."

मायनं माझ्याकडे बघितलं. एक डोळा अर्धा मिटलेला. ओठ हलले, थुंकी गळली, अक्कानं पुसली. मग एकेक शब्द ओढत माय म्हणाली, "तू... बी... सुकदेवच."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. वर अक्का हसली.

"काय हसस व? तुन्हासाठेच भांडी ऱ्हायनू."

"मन्हासाठे? भाऊ म्हणस जळगावले जा, तू म्हणस जळगावले चाल. मी काय कोठी शे का रे, याना घरमाईन उचलीसन त्याना घरमा ठेवाले? माले कोणी इचारं का?"

दिपमाला दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला गेली, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

दुपारी ओसरीवर भाऊबंद जमले. आधार आबा आता ऐंशीचा आहे, त्याला दोघांनी धरून आणलं. मायला आम्ही भिंतीला टेकवून बसवलं, मागं उशी दिली. भाऊनं सूप आणि गव्हाचा डबा आणून वहिनीपुढं ठेवला. वहिनीनं पदर सारखा केला. तीस वर्षं झाली तिच्या लग्नाला, आबासमोर तिचा आवाज आम्ही कोणी ऐकलेला नाही.

"कर सुरू," भाऊ म्हणाला.

तेवढ्यात मायनं डावा हात उचलला. बोट अक्काकडे.

भाऊनं बघितलं आणि म्हणाला, "पानी पाहिजे का, माय?"

मायनं मान हलवली. बोट तिथंच.

"पंखा लावू का?"

"मो... हि... नी," माय म्हणाली. मग बोट सुपाकडे नेलं.

आता आंधळ्यालाही कळलं असतं. माय भावाला सांगत नव्हती, मला सांगत नव्हती, सुनेलाही नाही. मोजायचं अक्कानं. मी कपाळावर हात मारला. रस्ताभर एवढं ठरवत आलो, पण हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. मीही मोजणारा हात माझाच धरून चाललो होतो.

भाऊ आवाज खाली ठेवून म्हणाला, "माय, जिनी मूठ शे का नही हाईच ठरनं नही, ती कशी मोजी? रीतमा बसस का हाई? मूठ नही, त्यानी मोजू नही. आबा, तुम्हीन सांगा."

सगळे आबाकडे बघू लागले. आबानं तोंड उघडलं. काय बोलणार होता ते अजून कोणाला कळलेलं नाही, कारण त्याच्या आधी वहिनी बोलली. मान खाली, डोळे सुपात, पण शब्द स्वच्छ.

"मंग मायनी मूठ कव्हय व्हती?"

तिनं डब्याचं झाकण काढलं.

"चाळीस वरीस मोजात त्यासनी. बठ्ठासना नाव लिन्हात. त्यासना नावनी मूठ कोणी टाकी?" आणि जरा थांबून, आणखी खालच्या आवाजात, "मनी बी कोठे शे."

मी भाऊकडे बघितलं, कारण त्याचं तोंड बघायची मला हौस होती. पण नजर पुढं सरकली आणि दारात उभ्या असलेल्या दिपमालावर गेली. तिच्यामागं सपना. अक्काच्या मुठीसाठी मी बावीस वर्षं तोंड वाजवत आलो. कारखान्यात सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, आमची माय कशी वाघीण म्हणून. माझ्याच घरातली दोन माणसं दरसाल या दारात उभी असायची, रोट भाजायची, हात भाजून घ्यायची, आणि मी त्यांना कधी मोजलं नव्हतं. मनातसुद्धा नाही. स्वतःची लाज वाटायला माणसाला किती उशीर होऊ शकतो, याचं मोजमाप करायचं असेल तर मी हजर आहे.

अक्का उठली. वहिनीशेजारी बसली, सूप ओढलं, डब्यात हात घातला. मूठ भरून वर काढली.

"भिकुबाई."

गहू सुपात पडले. वरची पाव मूठ पडली. मायनं डोळे मिटले नाहीत, रडली नाही. मान पुढं काढून सुपात बघत होती, दाणे बरोबर पडले की नाही ते.

"आधार," अक्का म्हणाली. मग, "सुकदेव." भाऊची मूठ तिनं इतकी भरली की बोटांतून दाणे ओघळले. मी कान देऊन ऐकत होतो, आवाजात कुठं कडू लागतं का. लागलं नाही. "बेबाबाई. योगेंद्र. मोहिनी. नवल. दिपमाला. सपना."

आबाची म्हातारी, द्रौपदाबाई, बायांमध्ये बसली होती. ती तिथूनच ओरडली, "ओ पोरी, मनं बी ले! साठ वरीसफाईन रोट खाई ऱ्हायनू, फुकटना खाई ऱ्हायनू का मी?"

ओसरी हसली. आबा म्हणाला, "बस वं गप." म्हातारी म्हणाली, "तुमीन बसा. मूठ पडी गयी ना तुमनी?" मग एक जण म्हणाला माझ्या मायचं राहिलं, दुसरा म्हणाला माझ्या सुनेचं घे. कोणीतरी पुण्याच्या एका पुतण्याला फोन लावला, तर त्यानं विचारलं, आमची छोटी चार महिन्यांची आहे, तिचं चालेल का. अक्का नाव घेत होती, मूठ टाकत होती. सूप भरलं. डब्याचा तळ वाजला.

तेव्हा भाऊ उठला. कोणाकडे न बघता आत गेला. मला वाटलं, गेला हा. चपला घालणार, मागच्या दारानं शेतात जाणार. बरेच जण तसंच समजले असावेत, कारण हसणं थांबलं. अक्काचा हात डब्यातच राहिला.

भाऊ परत आला तो गव्हाचा दुसरा डबा कडेवर घेऊन. अक्कासमोर आपटला. घाम पुसला.

"योगेंद्रसाठे ओसरीना हाऊ कोना कुडानी बंद करी लेसूत," तो कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला. मग अक्काला, "मोज. पण आते खाई कोण एवढं?"

"तू," अक्का म्हणाली. "तीन वरीस रुसेलसना रोट खादात, आते बायासना खा."

आधार आबा इतका वेळ सुपाकडे बघत होता. त्यानं काठी टेकली, मायकडे वळला आणि मोठ्यानं विचारलं, तिला ऐकू कमी येतं असं त्याला उगाच वाटतं.

"वहिनी, हाई बी तूच शिकाडं का पोरीले?"

मायचं अर्धं तोंड हसलं. उरलेलं अर्धं जागचं हललं नाही. तिनं डाव्या हातानं सुपाची कड धरली, शब्द जुळवायला वेळ घेतला.

"नही," माय म्हणाली. "हाई... मी... नही शिकाडं."